रंग चढला की माती साफ

आमच्याकडं खरिपात मक्याला तणनाशक म्हणून अ‍ॅट्राझिन मारतात, मग रब्बीला त्याच रानात हरभरा टाकला की कधीकधी उगवण झकास होते पण थोड्या दिवसांत खालची पानं कडेनं पिवळी पडून करपायला लागतात. लगेच बियाणं बोगस म्हणून दुकानदाराशी भांडण! आता दोष बियाण्याचा की रानात उरलेल्या तणनाशकाचा हे नुसतं बघून कसं कळणार, आणि मोठ्या मशिनवर टेस्ट करायची तर खर्च. त्याच्या आधीची स्वस्तातली पायरी म्हणजे एलायझा, अँटिबॉडी वापरून रंगावरून मोजायची चाचणी, डेंग्यूला करतात ना तीच पद्धत.

गंमत अशी की अ‍ॅट्राझिनचा रेणू एवढा बारका, वजन २१६ च्या आसपास, की तो नुसता टोचला तर सशाचं शरीर त्याची दखलच घेत नाही. मग तो एखाद्या मोठ्या प्रोटीनला चिकटवून टोचतात, तेव्हा कुठं त्याला पकडणारी अँटिबॉडी तयार होते. ती टेस्टच्या प्लेटमधल्या बारक्या खळग्यात (वेलमध्ये) तळाला चिकटवलेली असते, त्यात मातीचा अर्क टाकायचा आणि सोबत रंग आणणारं एन्झाइम लावलेलं अ‍ॅट्राझिन टाकायचं, आणि मग चालते संगीत खुर्ची. मातीतलं अ‍ॅट्राझिन जास्त असेल तर जागा तेच बळकावतं, एन्झाइमवालं धुण्यात वाहून जातं, रंग फिका येतो. माती साफ असेल तर निळा रंग चढतो आणि अ‍ॅसिड टाकलं की पिवळाधमक. थोडक्यात सगळं उलटं, लॅबमधली नवीन पोरं हमखास फसतात.

पण खरी डोकेदुखी माती. मिथेनॉल-पाण्यात हलवून गाळलं तरी अर्क चहासारखा तांबूस येतो, त्यातले ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेले) आणि मिथेनॉल दोन्ही अँटिबॉडीला त्रास देतात, रंग उगाच फिका पडतो आणि नसलेलं तणनाशक दिसतं. म्हणून अर्क पातळ करायचा आणि तणनाशक कधीच न मारलेल्या तशाच काळ्या मातीचा नमुना शेजारी लावायचा. पानांचा हिरवा अर्क तर याहून वाईट.

अजून एक, ही अँटिबॉडी भावकी ओळखते, त्याच भावकीतलं तणनाशक प्रोपाझिनसुद्धा अ‍ॅट्राझिन म्हणून मोजते, पण शेजारच्या रानातून उडून आलेलं २,४-डी हे वेगळ्या भावकीतलं तणनाशक तिला दिसत नाही, त्याला वेगळी किट. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी भांडायला जायच्या आधी मशिनवर पक्कं करून घ्या राव.

आणि आकडा ppb मध्ये (अब्जात किती भाग) आला तरी हरभरा जगेल का हे त्यातून सरळ कळत नाही. आपल्या चुनखडीच्या, जास्त पीएचच्या जमिनीत अ‍ॅट्राझिन जास्त दिवस टिकतं, त्यात पाऊस कमी झाला की अजूनच. त्यामुळं मी तर सांगतो, पेरणीच्या तीनेक आठवडे आधी रानात चार-पाच ठिकाणची वरची वीतभर माती एकत्र करून कुंडीत भरा, दुसऱ्या कुंडीत बांधावरची न फवारलेली माती, दोन्हीत काकडी आणि हरभरा लावा, पाणी सारखंच द्या, आणि कुठल्या कुंडीतली पानं पिवळी पडतात ते बघून मगच बियाण्याची पिशवी फोडा.