केदारकंठा : उंचावर साठवलेले पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन लातूरला आलेली रेल्वे ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोक्यात लिटरचा हिशोब कायमचा बसलेला असतो. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. हा हिशोब घेऊनच मी जानेवारीच्या अखेरीस उत्तराखंडातील केदारकंठा या शिखरावर गेलो. निघण्यापूर्वी आत्याला फोन केला, तेव्हा तिचे एकच वाक्य होते : "गारा पडल्या तर पोटात गोळा येतो आमच्या, आन् तू पैसे भरून बर्फात चाललास व्हय रे?"

आत्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत आडवी झालेली ज्वारी आणि झडलेला हरभरा तिने स्वतः पाहिला आहे. हिमालयात हिवाळी हिमवृष्टी आणणारे पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणाली, हेच आपल्याकडच्या अशा अवकाळी संकटामागचेही एक कारण असते. आपल्याकडे ओलावा, तापलेली जमीन आणि वरची थंड हवा एकत्र आली की तासाभरात होत्याचे नव्हते होते, आणि तिकडे तोच चक्रावात डोंगरावर पाणी ठेवून जातो.

केदारकंठा उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार या अभयारण्याच्या परिसरात आहे. देहरादूनहून पुरोला, मोरी आणि नैटवाड मार्गे सांकरी गाठायला गाडीतच अख्खा दिवस जातो. सांकरी हे पायथ्याचे गाव सुमारे १,९५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच असलेल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) तीनशे मीटर उंचावर उभे राहून आपली चढाई सुरू होते. शिखर सुमारे ३,८०० मीटर उंच आहे. हा ट्रेक नवशिक्यांसाठी सोपा असल्याचे सर्वत्र सांगितले जाते आणि त्यामुळे गर्दीही भरपूर असते. पण पहाटेच्या अंधारात, घट्ट गोठलेल्या उतारावर शेवटचा चढ चढताना 'सोपा' हा शब्द मला तरी आठवला नाही. त्यातच भाड्याने मिळालेल्या मायक्रोस्पाइकचे (बर्फावर घसरू नये म्हणून बुटावर चढवायच्या काटेरी साखळीचे) रबर सैल असल्याने उजव्या बुटावरची साखळी दोनदा निसटली आणि काकडलेल्या बोटांनी ती पुन्हा चढवण्यात बराच वेळ गेला.

मला खरे शिकवले ते शिखराने नव्हे, तर तळावरच्या स्वयंपाक्याने. पिण्याच्या पाण्यासाठी तो बर्फ वितळवत असे, आणि त्यासाठी वरचा भुसभुशीत, पांढराशुभ्र बर्फ बाजूला सारून खालचा दाबला गेलेला जुना बर्फ फावड्याने काढत असे. मी कारण विचारले, तेव्हा त्याने उत्तर न देता एका पातेल्यात वरचा आणि दुसऱ्यात खालचा बर्फ भरून दोन्ही स्टोव्हवर ठेवली. पहिल्या पातेल्याच्या तळाशी जेमतेम बोटभर पाणी उरले, तर दुसरे जवळजवळ तिसरा हिस्सा भरले. ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते. दहा सेंटिमीटर नव्या बर्फाचे साधारण एकच सेंटिमीटर पाणी होते. म्हणून बर्फाची जाडी किती याला पाण्याच्या हिशोबात फारसा अर्थ नाही, तो वितळल्यावर किती पाणी देईल ते महत्त्वाचे.

त्याच दुपारी आमच्या वाटाड्याने आपली काठी बर्फात दाबून दाखवली. वरचा कडक थर फोडून ती थोडी अडखळत खाली गेली आणि तळाजवळ एकदम मोकळी सुटली. त्याने तिथे खणून मूठभर बर्फ माझ्या हातावर ठेवला. तो जाड्या साखरेसारखा होता आणि मूठ वळूनही त्याचा गोळा होईना. जमीन त्या मानाने उबदार आणि वरची हवा अतिथंड असल्यामुळे बर्फातील वाफ वर सरकते आणि तळाचे कण असे मोठे, सुटे होत जातात. तीव्र उतारावर असा थर खाली असेल आणि वर नवा बर्फ साचला, तर हिमप्रपाताचा धोका वाढतो.

शिखरावरून स्वर्गारोहिणी, काळानाग आणि बंदरपूंछ दिसतात. बंदरपूंछ ६,३१६ मीटर उंच असून यमुनोत्रीची हिमनदी, म्हणजे यमुनेचा उगम, त्याच पर्वतावर आहे. खालच्या दरीत सुपिन आणि रुपिन या नद्या नैटवाडला एकत्र येतात आणि तिथून पुढे तिला टोन्स म्हणतात. टोन्स पुढे कालसीजवळ यमुनेला मिळते. संगमाशी टोन्सचे पाणी यमुनेपेक्षा जास्त असते, तरी नाव पुढे यमुनेचेच चालते. (कालसीला अशोकाचा शिलालेख आहे, येताना तो पाहायचा राहिला, याची चुटपुट अजून आहे.)

आमची लातूरकडची मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि सर्वस्वी पावसावर चालते. धरणात अडवले तेवढेच पाणी उरते, आणि खालचा काळा पाषाणही फारसे मुरवून घेत नाही. टोन्सच्या खोऱ्यावरही पाऊस भरपूर पडतो, परंतु हिवाळ्यात पडलेले पाणी तिथे लगेच वाहून न जाता डोंगरावरच थांबते आणि मार्चपासून थोडे थोडे उतरत जाते, नेमके आपल्या विहिरी तळ दाखवू लागतात तेव्हा.

परतताना मोरीला गाडी थांबली. या पट्ट्यात टोन्सवर राफ्टिंग चालते. पण त्या दिवशी नदी दगडांच्या मधून निळसर, नितळ आणि अगदी शांतपणे वाहत होती. चालकाने काठावरच्या एका मोठ्या शिळेवरील दोन रेघा दाखवल्या. वरची पावसाळ्यातली आणि तिच्याखालची मे-जूनमधली. खालच्या रेघेशी मी हात नेला, तर ती माझ्या छातीइतकी उंच होती. तिथपर्यंत चढणारे पाणी त्या क्षणी अजून वर, देवदारांच्या पलीकडे, गोठून पडलेले होते.