पिकअप पाहिजे का अ‍ॅव्हरेज?

शनिवारी दुपारी आमच्या गॅरेजात वाद पेटला तो टायरवरून. चिरंजीवांना मोठे टायर हवेत. वय वर्षं अकरा, हातात मोजपट्टी आणि चेहऱ्यावर पासिंगला आलेल्या आरटीओ साहेबाचा भाव. गाडी त्याचीच आहे. पोलारिसची आरझेडआर १७०, लहान मुलांसाठी काढलेली, मातीत पळवायची. चार चाकं, दोन सीट, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा, बाजूंना जाळ्या, मागे लवलवत्या काठीवर केशरी झेंडा. शेजारच्या शेतकरी आजोबांच्या नातवाला ती लहान झाली म्हणून आमच्याकडे आली. इथे मिनेसोटात असल्या गाड्या अशाच घरोघर फिरतात. रस्त्यावर न्यायची नाही. आजोबांच्या सोयाबीनच्या कडेने जी पडीक पट्टी आहे, तेवढंच तिचं राज्य.

मोठे टायर का हवेत? "मित्राकडे आहेत," हे पहिलं कारण. "भारी दिसतात," हे दुसरं आणि खरं.

मी त्याला नीट समजावलं. चाक मोठं केलं की गाडी उंच होते, उंच झाली की कलंडायला सोपी. इंजिन तेवढंच, १६९ सीसी, त्याला मोठं चाक ओढताना दम लागणार. मग ओढ गेली म्हणून व्हेरिएटरचे, म्हणजे गिअरऐवजी असलेल्या यंत्रणेचे, रोलर बदला. तरी भागत नाही म्हणून सायलेन्सर मोकळा करा. सायलेन्सर मोकळा केला की पेट्रोल कमी पडतं, म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा घाला. एका टायरपायी सगळी गाडी खोलावी लागते, बाळा. त्याने शांतपणे खिशातून घडी घातलेला कागद काढला. कागदावर हे सगळं लिहिलेलं होतं. याच क्रमाने.

कागदाच्या शेवटी विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायची चरखी, लाइटची पट्टी आणि ट्रकचा भोंगा. संध्याकाळी सातला जेवायला घरात असलाच पाहिजे अशा मुलाला छपरावर एवढा उजेड कशाला, हे मी विचारलं नाही. विचारून काही उपयोग नसतो. हौसेला कारण लागत नाही हे मला फार आधीपासून माहीत आहे, कारण माझं बालपण दुसऱ्यांच्या हौसेवर गेलं. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मिरजेत दुचाकीचं गॅरेज होतं.

सतारमेकर गल्लीपासून दोन वळणांवर. पत्र्याचं छप्पर, दाराशी पाण्याची टाकी, भिंतीवर पान्यांच्या आकाराची काळी चित्रं काढलेली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबून दिसावं. शाळा सुटली की मी दप्तर तिथेच टाकायची. किनेटिक होंडा आली १९८४ साली. त्याआधी गिअर नसलेली गाडी म्हणजे लूना, आणि लूनाला पिकअप हा शब्दच लागू नव्हता. पण किनेटिकमध्ये व्हेरिएटर होता. त्या झाकणाआड काय चालतं ते पाहायला सुरुवातीला गल्लीतली शहाणी माणसंही उकिडवी बसायची.

आप्पा झाकण काढायचे, पंख्याचं नट सोडवायचे आणि आतले रोलर माझ्या तळहातावर ओतायचे. बोटाच्या पेराएवढे गोल तुकडे, काळपट, ग्रीसने बुळबुळीत. नवीन असताना पूर्ण गोल. जुने झाले की एका बाजूने चपटे, तळहातावर गडगडत नाहीत, सरकतात. इंजिन फिरलं की हे बाहेर फेकले जातात, चकतीला ढकलतात, बेल्ट वर चढतो, गाडी पळते. रोलर हलके घातले तर बेल्ट उशिरा चढतो, इंजिन आधी भरपूर फिरून घेतं आणि गाडी सिग्नलवरून उसळी मारते. जड घातले तर बेल्ट लवकर चढतो, इंजिन निवांत राहतं, पेट्रोल वाचतं. एवढंच. म्हणून आप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचे: "पिकअप पाहिजे का अ‍ॅव्हरेज?"

बँकेतले, एसटीतले, मास्तर लोक खालच्या आवाजात सांगायचे, "अ‍ॅव्हरेज बघा जरा." कॉलेजची पोरं बोनेटवर, म्हणजे आमच्या टाकीवर, बसून म्हणायची, "पिकअप, आप्पा!" आणि मग असायचे ते दोन्ही मागणारे. त्यांच्याकडे आप्पा चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "मग दोन गाड्या घ्या." एक सतारमेकर यायचे, त्यांना यातलं काहीच नको असायचं. त्यांची तक्रार एकच, गाडी उभी असताना आवाज उतरलाय. आप्पा स्क्रू पाव फेरा फिरवायचे, ते मान तिरकी करून ऐकायचे, "किंचित वर... हां, बास." त्या गाडीची आयडलिंग मिरजेत सगळ्यात सुरेल होती असं मला अजून वाटतं.

सायलेन्सरचं काम मात्र आप्पांनी कधी घेतलं नाही. बुलेटवाले पैसे दाखवायचे, फटाका काढून द्या म्हणायचे. "आवाज विकायचा धंदा आपला नाही," एवढं बोलून ते पुढच्या गाडीला हात घालायचे. आता पोलीस ते सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. आप्पांना तो व्हिडिओ पाठवला होता. ते म्हणाले, "ह्या रोलरला ना पिकअप, ना अ‍ॅव्हरेज."

आपल्याकडे तसा कायदाच आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम. कंपनीने जी गाडी नोंदवली तिच्यात मुळातून बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. तरीही सांगली-कोल्हापूरकडचा उसाचा ट्रॅक्टर बघा. मागच्या ट्रॉलीला दिवा नसेल, पण पुढे डेक असा की ऊसही नाचत कारखान्यात जावा.

विषय भरकटला. तर रोलर.

रविवारी व्हेरिएटरचं झाकण उघडलं आणि मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले, आप्पा झोपायच्या तयारीत, टोपी काढून बसलेले. मी फोन आत धरला. ते काही क्षण बोललेच नाहीत. मग हाक मारली, माझ्या आईला. "अगं, हिकडं ये. अमेरिकेत किनेटिक उघडलीय पोरीनं!" गाडी तैवानमध्ये बनलेली, शिक्का मिनेसोटाचा, आणि आत तीच चकती, तोच बेल्ट, तेच रोलर. नंतरचा अर्धा तास आजोबा आणि नातू बोलत होते आणि मी फोन धरायची खुंटी होते. आजोबांचं मराठी मिरजेचं, नातवाचं मराठी शनिवारच्या शाळेचं. पण "किती ग्रॅमचे हायत?" हे त्याला बरोबर कळलं. त्याने स्वयंपाकघरातला काटा आणून एकेक रोलर त्यावर ठेवला. पुढचा आठवडाभर कणकेला ग्रीसचा वास येतोय असं नवरा म्हणत होता. मला नाही आला.

शेवटी आप्पांनी विचारलंच. "काय रे, पिकअप पाहिजे का अ‍ॅव्हरेज?"

तो म्हणाला, "आप्पा आजोबा, मला उंच पाहिजे."

ही तिसरी जात आप्पांना नवीन होती.

खरं तर या गाड्यांच्या कुळातच ही खोड आहे. पोलारिस ही कंपनी १९५४ साली मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीजवळच्या रोझो गावात सुरू झाली, आणि तेव्हा ती शेतीची अवजारं बनवायची. दोन वर्षांनी तिथल्याच एकाने बर्फावर चालणारी गाडी जुळवली. पट्टा होता धान्य वर चढवणाऱ्या यंत्राचा आणि पुढच्या घसरपट्ट्या जुन्या शेवरलेटच्या बंपरच्या. म्हणजे कंपनीच उभी राहिली ती कुणीतरी बंपर काढून भलतीकडे लावला म्हणून. हे मी चिरंजीवांना सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी तो आमच्या व्हॅनच्या बंपरकडे बघत उभा होता.

या देशाला मुलांची काळजी मात्र विलक्षण. २००८ साली इथे कायदा झाला की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंत शिसं नको. खेळण्यांसाठी केलेला, योग्यच. पण फेब्रुवारी २००९ मध्ये तो लागू झाला तेव्हा लक्षात आलं की लहान मुलांच्या मोटारसायकली आणि चारचाक्या याही मुलांच्याच वस्तू. त्यांच्या बॅटरीच्या टोकांत, चाकाच्या व्हॉल्वमध्ये शिसं असतंच. झालं. दुकानदारांनी छोट्या गाड्या आत ढकलल्या. मूल बॅटरी चाटेल, ही भीती. आता ज्या मुलाला बॅटरी चाटावीशी वाटते त्याला गाडी द्यावी का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण छोटी मिळेना म्हणून मुलं मोठ्यांच्या गाडीवर बसतील, हे पुढे सगळ्यांना पटलं आणि ऑगस्ट २०११ मध्ये संसदेने या गाड्यांना त्यातून सूट दिली.

तर वेग. या गाडीचा वेग आईबापांनी ठरवायचा असतो. अ‍ॅक्सिलरेटरला अडवणारा एक स्क्रू आहे, तो ढिला होऊ नये म्हणून त्यावर चेकनट. स्क्रू जेवढा बाहेर, तेवढा पाय वर अडतो. मी तो बसवला, चेकनट आवळला आणि दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली, लाल. कुणी फिरवला तर रेघ तुटणार. ही युक्ती गॅरेजात शिकलेली नाही. ती गरज पडेल हे मात्र तिथेच कळलं होतं.

नववीत असताना आप्पांनी मला जुनी लूना दिली होती, मिशन हॉस्पिटलच्या बाजूच्या मैदानात फिरवायला. मूठ पूर्ण पिळली तरी ती सायकलच्या पुढे जायची नाही. मी बघितलं तर केबल ढिली. अ‍ॅडजस्टर फिरवून ताणली. लूना पळाली. संध्याकाळी ती गॅरेजात लागली, आणि दुसऱ्या दिवशी केबल पुन्हा ढिली. मी पुन्हा ताणली. हे किती महिने चाललं देव जाणे. मी दुपारी ताणायची, ते रात्री ढिली करायचे. एका शब्दाने या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नाही. जेवताना मी भाकरी मागायची, ते वाढायचे. कायद्याने सोळाव्या वर्षी पन्नास सीसीची गाडी चालवता येते. मी सोळाची झाले त्या दिवशी केबल ताणलेलीच राहिली.

बाकीच्या कागदाचं म्हणाल तर, बराचसा मी मंजूर केला. चाकांच्या आत घालायचे स्पेसर आणले, त्याने गाडी रुंद होते, जमिनीला घट्ट बसते. हलके रोलर आप्पांनी ग्रॅम सांगून मागवायला लावले. भोंगा बसवला, आणि तो पहिल्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या आजोबांच्या धान्याच्या कोठीवरची सगळी कबुतरं उडाली. सायलेन्सरला हात लावू दिला नाही. त्यात ठिणगी अडवणारी जाळी असते आणि ऑगस्टात इथलं गवत वाळून कडकडीत होतं. टायर आहेत तेच. उंची मिळाली नाही. चिरंजीव दोन दिवस जेवताना गप्प होते. मग मित्राने सांगितलं की रुंद गाडी रेसवाल्यांसारखी दिसते, आणि प्रकरण मिटलं.

इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं म्हणणं सरळ आहे: सोळाच्या आतल्या मुलाला या मातीतल्या चारचाक्या चालवायला देऊच नका. ते मी वाचलंय. शेजारच्या आजोबांनी गाडी देताना किल्ली आधी माझ्या हातात दिली नाही. आधी एक गोष्ट सांगितली. पिंजरा असतो, पट्टा असतो, जाळी असते, तरी गाडी कलंडायला लागली की माणूस आपोआप हात बाहेर काढतो, जमिनीला टेकवून सावरायला. आणि वरून सगळी गाडी त्या हातावर येते. हे त्यांनी कुणाचं पाहिलं ते मी विचारलं नाही.

म्हणून रोज निघायच्या आधी मी त्याला बंद गाडीत बसवते. पट्टा, हेल्मेट, जाळी. इकडचं तिकडचं बोलते, शाळेचं विचारते, आणि मधेच ओरडते, "कलंडली!" दोन्ही हात स्टिअरिंगवर राहिले तरच किल्ली. उजवा राहतो. डावा अजून आधी जाळीकडे जातो.