तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंडात दगड कसा?

उल्कांचा विषय काढला की कोणीतरी विचारतंच, "लोखंडी उल्का म्हणजे सगळं लोखंड ना, मग तिच्यात दगड कसा?" तोंडी सांगता सांगता दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

शंका एकदम रास्त आहे हां. लोखंड दगडाच्या दुपटीहून जड, त्यामुळे दोन्ही वितळलं की लोखंड तळाला आणि दगड वर, पृथ्वीचंही तेच झालंय. बहुतेक लोखंडी उल्का कापल्या तर दिसतं ते लोखंड-निकेलच. पण काहींमध्ये पायरोक्सिन, फेल्डस्पार ही दगडातली खनिजं, कधी चक्क काच, अशा दगडी गाठी असतात, शिऱ्यात बेदाणे असावेत तशा. म्हणजे दोन्ही एकत्र आलं आणि वेगळं व्हायच्या आत गोठलं. कसं आलं यावर अजून वाद चालूच आहे, मला मात्र टकरीचं स्पष्टीकरण जास्त पटतं: दोन लघुग्रह आदळले, वितळलेलं लोखंड फुटक्या दगडात घुसलं आणि पटकन थंड झालं.

आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे कोडाईकनाल, तेच ते हनिमूनवालं. तिथे पलनीच्या डोंगरात १८९८ साली साधारण १६ किलोची अशी उल्का सापडली. आता खरी गंमत. नुसत्या लोखंडाचं वय काढणं महाकठीण, पण दगडी गाठींमध्ये रुबिडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, त्याचं ठरलेल्या वेगाने हळूहळू स्ट्रॉन्शियम होतं, म्हणजे लोखंडात आयतंच घड्याळ अडकलेलं! १९६७ मध्ये बर्नेट आणि वासरबर्ग या शास्त्रज्ञांनी ते वाचलं तर वय निघालं सुमारे ३८० कोटी वर्षं. सूर्यमालाच ४५६ कोटींची, त्यामुळे एवढी "तरुण" लोखंडी उल्का म्हणजे मोठाच धक्का होता. अशाच दगडी गाठीवाल्या लोखंडी उल्कांच्या त्याच गटातली स्पेनची कोलोमेरा मात्र ४५० कोटींच्या आसपासची, म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं आणि वयात ७० कोटींचा फरक. कोडाईकनालवाली बहुतेक नंतरच्या एखाद्या टकरीत पुन्हा तापली आणि घड्याळ शून्यावर आलं.

आणि हो, भंगारात सापडलेल्या स्लॅगचे, म्हणजे भट्टीत धातू वितळवताना उरणाऱ्या मळीचे, फोटो उल्का समजून पाठवणाऱ्यांनो, त्यातही लोखंड आणि दगडासारखं काहीतरी दिसतं, मान्य, पण आधी बुडबुड्यांची भोकं आहेत का बघा, असली तर ती वस्तू नव्वद टक्के भट्टीतूनच आलीये, आकाशातून नाही.