नेढ्यापाशी जागा ठेव

गळाचं नेढंच बुजून गेलं होतं. तासभर खपून गळावर पिसं-धागा बांधून केलेली माशी, म्हणजे माशाला फसवणारा नकली किडा, आणि तिच्यातून तंगूस ओवायला जागा नाही!

हे वेड लागलं गेल्या ऑक्टोबरात, हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात. तिथल्या वाटाड्यानं पिसाची एवढीशी माशी धारेत सोडली आणि लाल-काळ्या ठिपक्यांचा ब्राऊन ट्राउट वर काढला. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथं ट्राउटची मासेमारी बंद असते. तेवढ्यात सोलापूरला हात बसवून घ्यावा म्हटलं. इथं ट्राउट कुठला म्हणा! पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो खायचंच टाकतो, आणि आमच्या मे महिन्यात तर नळाचं पाणीसुद्धा चटका देतं.

सामान मात्र बरंचसं घरातच निघालं. देव्हाऱ्यामागे खोचलेलं जुनं मोरपीस अंगासाठी. आईच्या साडीच्या गोंड्यातला रेशमी धागा, त्याचा पीळ सोडवून एकच पदर घेतला आणि मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढला, म्हणजे तो निसटत नाही. पायांसाठी या जातीच्या माशीला तितराचं पीस वापरायची रीत आहे. नान्नजच्या माळावर तितर दिसतात, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, तेव्हा तो विषयच सोडला. चिकनवाल्याकडून गावरान कोंबडीच्या मानेची मूठभर पिसं आणली. त्यानं पैसे घेतले नाहीत, नुसता बघत राहिला. विकत आणले ते फक्त १४ नंबरचे गळ.

गळ पक्कडीत धरला, पक्कडीच्या मुठी रबरानं आवळल्या आणि ती ड्रॉवरच्या फटीत उभी खोचली. धागा सैल पडू नये म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लटकवला. तरी पहिल्या चार माश्या वाया गेल्या. एकीचा धागा तुटला, दुसरी झाडूसारखी झाली, उरलेल्या दोघींची नेढी बुजली.

आई मागं उभी होती. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्यात.

“विडीला तोंड मुडपायला जागा ठेवून दोरा बांधतो का नाही? तशी ठेव की पुढं. आणि दोरा ओढतोस कशाला, फिरव की.”

पाचव्या माशीला तिचं ऐकलं. मोरपिसाचे तीनच तंतू घेतले, धाग्याबरोबर पिळले (नुसते गुंडाळले तर माशाच्या दातानं लगेच तुटतात) आणि नेढ्याच्या अलीकडे गव्हाच्या दाण्याच्या निम्मी जागा कोरी सोडून थांबलो. त्या जागेत कोंबडीचं पीस शेंड्याकडून बांधलं आणि दोनच वेढे दिले. तिसऱ्याचा मोह होतो, पण पिसाचे केस विरळ असले तरच ते पाण्यात उघडमीट करतात आणि किडा जिवंत वाटतो. दाट झाले की नुसता बोळा.

रविवारी पहाटे तुळजापूर रोडनं हिप्परगा तलावावर गेलो. तिथल्या मासेमारी करणाऱ्या मामांना विचारून एका कडेला उभा राहिलो. दहा फुटी बांबू, तेवढीच तंगूस, टोकाला माशी. मामा म्हणाले, “गांडूळ लाव की, पिसाला कोण येतंय?”

तासभर त्यांचंच खरं होतं. मी माशी सारखी हलवत होतो. शेवटी कंटाळून बुडू दिली, मनात पाच मोजले आणि काठीचं टोक वीतभर, सावकाश उचललं. तंगूस आडवी सरकली. जोरात हिसका दिला, मासा गेला. पुढच्या वेळी नुसती काठी उचलली आणि तळहाताएवढी चिलापी आली. पाठीवरचा काटा अंगठ्यात घुसला ते वेगळंच. चिलापी १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणलेली, ट्राउटही इंग्रजांनी आणलेला. तेवढंच काय ते त्यांचं नातं.

चौथ्या चिलापीनंतर पीस सुटून लोंबायला लागलं. घरी आईनं माशी चिमटीत धरून उजेडात फिरवली.

“शेवटचा फास कोणी घातला?”

“मीच.”

“वाटलंच,” म्हणाली, आणि मेण मागितलं.