तिसरं गाणं

कॅनडातल्या सस्कॅटूनला येऊन मला सहा हिवाळे झाले. पहिल्याच हिवाळ्यात उणे 30 म्हणजे काय ते कळलं, आणि त्याच हिवाळ्यात जोनी मिचेल या गायिकेचा 'ब्लू' हा अल्बम भेटला. जोनीचा जन्म 1943 चा, शेजारच्या अल्बर्टा प्रांतातला, पण ती शाळकरी वयापासून वाढली इथं, साउथ सस्कॅचवान नदीच्या काठी. नदीकाठच्या एका वाटेला आता तिचं नाव दिलंय. गावाकडच्या मंडळींना सांगते, मुलूख आपल्यासारखाच शेतीचा, नजर पोचेल तिथवर सपाट. फक्त पऱ्हाटीच्या जागी गहू, मसूर आणि तो पिवळा वाटाणा, जो भारतात उतरला की आमचे बाबा तुरीच्या भावाची काळजी करत बसतात.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. दर जानेवारीत एका शनिवारी त्यांच्या तळघरात आठ-दहा जण जमतात आणि हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. दहा गाणी, जेमतेम 36 मिनिटं. मधे कुणी बोलत नाही. रेकॉर्डची बाजू उलटताना तेवढा चहा फिरतो. 1971 मध्ये अल्बम निघाला तेव्हा आजी कॉलेजात होत्या. रेकॉर्ड तीच आहे, कव्हरचे कोपरे पार पांढरे पडलेत. एक ट्रक चालवणारे गृहस्थ येतात. घर मोडलं त्या वर्षी गाडीत दुसरं काही लावलंच नाही म्हणतात. प्रत्येकाचं एक गाणं ठरलेलं आहे, आणि ते लागलं की बाकीचे त्या माणसाकडे बघत नाहीत. हे मला फार आवडतं.

माझं गाणं आधी नदीचं होतं. नाताळ तोंडावर आलाय, जोनी कॅलिफोर्नियात आहे, तिथं बर्फ नाही, आणि तिला एखाद्या गोठलेल्या नदीवरून घसरत दूर निघून जावंसं वाटतंय. मला आमची पैनगंगा आठवली. आपली नदी उन्हाळ्यात आटते. मग कोरड्या पात्रातून चालत पलीकडे मामाच्या गावाला जाता येतं.

या अल्बममध्ये वाद्यांची गर्दी नाही. पियानो, गिटार, आणि चार गाण्यांत मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं डल्सिमर. नवव्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे जोनीचा डावा हात अशक्त राहिला, म्हणून ती गिटारच्या तारा आपल्या सोयीने वेगळ्याच लावायची. त्यातून निघणारे सूर दुसऱ्या कुणाचे वाटत नाहीत. अल्बम ऐकून क्रिस क्रिस्टोफरसन या गायक मित्राने तिला सांगितलं होतं, स्वतःसाठी काहीतरी राखून ठेव. तिनं ठेवलं नाही, म्हणून तर आम्ही पन्नास वर्षांनंतरही त्या तळघरात जमतो.

पहिल्या बाजूचं तिसरं गाणं एका लहान मुलीचं आहे. 1965 मध्ये टोरांटोत जोनीला मुलगी झाली. लग्न नाही, हातात पैसा नाही. तिनं मुलगी दत्तक दिली. गाण्यात सगळं आहे, कागदांवर सही केल्याचंसुद्धा. तरी अल्बम निघाला तेव्हा 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या समीक्षकाला त्या शब्दांचा अर्थ लागला नव्हता. लोक वीस वर्षं ते गाणं ऐकत राहिले. खरी गोष्ट नव्वदच्या दशकात बाहेर आली आणि 1997 मध्ये मायलेकींची भेट झाली.

गेल्या दिवाळीत मी गावी गेले होते. ओसरीत वेचलेला कापूस, लाइट गेलेली, माय गाठोड्याला टेकून बसलेली. मी मोबाइलवर हे गाणं लावलं.

"काय म्हनते वं हे बाई?"

मी सांगितलं. माय बराच वेळ काही बोलली नाही.

"मंग, भेटली का तिले पोरगी?"

"भेटली. बत्तीस वर्षांनी."

"बरं झालं."

मग माय बोलली. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. अकरा दिवसांची होऊन गेली. मायने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं होतं.

ते नाव मला माहीत होतं. गावात गिरणी आली तरी आमच्याकडे तुरीची डाळ घरच्या जात्यावरच भरडायचे. उन्हं तापायला लागली की माय आणि काकू जात्यावर बसायच्या, ओव्या म्हणायच्या. ओवीत बायका आपल्या भावाचं, लेकराचं नाव घालतात. मायच्या ओवीत एक नाव यायचं, जे आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. मला वाटायचं, ते ओवीतलंच आहे. मी खुंट्याला हात लावून शेजारी बसलेली असायची आणि एकदाही विचारलं नाही. ते नाव इथं लिहीत नाही, ते मायचं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मायने मला ती ओवी म्हणून दाखवली. चार मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, मागं जात्याची घरघर आणि आमची कोंबडी.

या जानेवारीत तळघरात दुसरी बाजू संपल्यावर मी ते ऐकवलं. अर्थ आधी सांगितला नाही. कुणाला मराठीचा एक शब्द येत नाही. सगळे शांत बसून होते. संपल्यावर आजींनी ते नाव उच्चारलं, थोडं अडखळत, पण बरोबर. "हे तीनदा आलं," त्या म्हणाल्या, "ही कोण?"