ठणका, जळजळ, मुंग्या: ओईटीच्या शब्दांची माझी वही

ओईटी ही डॉक्टर-नर्ससारख्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिच्यात पहिल्या खेपेला लिसनिंगमध्ये मला ३२० पडले. हवे होते ३५०. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची, तर तिथली नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल ओईटीत ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत प्रत्येकी ३५० मागते. लेखनात ३०० चालतात.

कुठे घसरले ते परीक्षेतच कळलं होतं. पार्ट एमध्ये पेशंटचं बोलणं ऐकत नोट्समधल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात, आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. बाई म्हणाली, पायात 'पिन्स अँड नीडल्स' आहेत. नऊ वर्षं इंजेक्शनं देत आलेली मी त्या सुईपाशीच अडकले. हिला सुई कुणी टोचली, असा विचार करेपर्यंत पुढच्या दोन जागा निघून गेल्या. तिच्या पायाला मुंग्या येत होत्या, एवढंच.

क्लासमध्ये हजार शब्दांची यादी दिली होती, एपासून झेडपर्यंत. नाइट ड्युटी करून आल्यावर मी ती पाठ करायचे. त्यात हायपरटेन्शन, एडिमा असलेच शब्द जास्त. ते जीएनएमपासून, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सपासून, तोंडात बसलेत. अडत होतं ते पेशंटच्या तोंडच्या शब्दांवर.

आमच्या मिरजेत अथणी, चिकोडीकडून बरेच पेशंट येतात. मी कानडी पुस्तकातून शिकले नाही. एक आजी छातीवर हात फिरवत 'उरि, उरि' म्हणाल्या आणि उरि म्हणजे जळजळ, हे कायमचं कळलं. 'होट्टे नोवु' म्हणजे पोटदुखी, तेही असंच कॉटशेजारी उभं राहून. मग इंग्रजी का नाही तशी शिकायची?

यादी बाजूला ठेवली आणि दोनशे पानी वही घेतली. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत एकेक अवयव. डावीकडे माझ्या आईचे शब्द, उजवीकडे इंग्रजी. ठणका म्हणजे थ्रॉबिंग. सणक गेली की शूटिंग पेन. पाठीत चमक भरली तर ट्विंज. पोटात मुरडा आला की क्रॅम्प्स. गळू हात लावू देत नाही, हुळहुळं झालंय, ते टेंडर. छातीतली जळजळ म्हणजे हार्टबर्न. नावात हार्ट असलं तरी दुखणं अन्ननलिकेचं.

चक्करचं पान भरताना मी फार रमले. इंग्रजीत पेशंट नुसतं 'डिझी' म्हणतो. मग विचारावं लागतं, खोली फिरतेय की शुद्ध हरपेल असं वाटतंय? आपल्याकडे पेशंट आधीच वेगळं करून सांगतो: गरगरतंय, की डोळ्यांपुढे अंधारी येतेय. हा फरक मला आईच्या बोलण्यातून येत होता, म्हणून 'स्पिनिंग' आणि 'लाइट-हेडेड' एका दिवसात डोक्यात बसले.

दुसरी यादी केली ती आपल्याला ओळखीच्या वाटणाऱ्या, पण तिकडे वेगळ्या अर्थाने चालणाऱ्या शब्दांची. आपल्याकडे प्लास्टर म्हणजे हाड मोडल्यावर घालतात ते. ब्रिटनमध्ये बोट कापल्यावर लावायची पट्टीही प्लास्टर. तिकडचा माणूस 'सर्जरीत जातो' म्हणाला, तर तो फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात निघालेला असू शकतो. 'फीलिंग सिक' म्हणजे मळमळ आणि 'बीइंग सिक' म्हणजे उलटी. आपण म्हणतो गॅस झाला, ते म्हणतात विंड. 'वॉटरवर्क्स'बद्दल बोलणारे आजोबा लघवीची तक्रार सांगत असतात. हे लाजून सांगितलेले शब्द आहेत, आणि लाजणाऱ्या पेशंटला पुन्हा विचारायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

स्पीकिंगचा मला धसका होता, पण तिथेही हाच अभ्यास कामी आला. दोन रोल-प्ले, प्रत्येकाच्या तयारीला तीन मिनिटं आणि बोलायला साधारण पाच. समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो, आपण नर्स. तिथे एडिमा म्हणायचं नाही, स्वेलिंग म्हणायचं. नुसतं 'निल बाय माउथ' म्हणून थांबायचं नाही. काही खाऊ-पिऊ नका, पाणीसुद्धा नको, असं फोडून सांगायचं. वॉर्डात मराठीत रोज हेच करते मी. पत्रलेखनाला ४५ मिनिटं असतात, त्यातली पहिली पाच फक्त केस नोट्स वाचायला. तिथे शब्दांपेक्षा काय गाळायचं ते कळावं लागतं. त्यावर सविस्तर पुन्हा लिहीन.

दुसऱ्या खेपेला लिसनिंगला ३७० आले आणि बाकीच्या तिन्हींतही निघाले.

वहीत एक जागा मात्र अजून रिकामी आहे. ताप चढायच्या आधी अंगात कसकस येते, तिला एकच इंग्रजी शब्द मला सापडलेला नाही. 'फीव्हरिश' लिहिलं तर अंगदुखी सुटते, 'एची' लिहिलं तर ताप सुटतो. सध्या पेन्सिलीने दोन्ही लिहून ठेवलेत. कुणाला नेमका शब्द माहीत असेल तर जरूर कळवा.