इलेक्ट्रिक गाडीसाठी घरचे वायरिंग
गाडीचे चार्जिंग हा इस्त्रीसारखा घटकाभराचा भार नव्हे. २३० व्होल्टवर ३२ अँपिअर, म्हणजे सुमारे ७.४ किलोवॉट, तासन्‌तास सलग घेतले जातात, आणि म्हणूनच एरवी निमूट असलेला सॉकेटमधला एखादा सैल स्क्रू इथे तापून भोवतालचे प्लॅस्टिक काळे पाडतो. त्यामुळे मुख्य बोर्डापासून चार्जरपर्यंत स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास वीज तोडणारा स्विच) आणि अंतर पाहून निवडलेली जाड तांब्याची केबल मी अनिवार्य मानतो. अर्थिंग मोजूनच घ्यावे. नुसते ‘आहे’ म्हणून भागत नाही. साध्या एसी प्रकारच्या आरसीसीबीवर (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) मात्र विसंबू नये, कारण गाडीकडून येणाऱ्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, गळतीमुळे ती ऐन वेळी ट्रिप न होण्याचा धोका असतो. अशी डीसी गळतीही ओळखणारी टाइप बी आरसीसीबी घ्यावी, किंवा चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय असल्यास टाइप ए चालते. वीज कंपनीने घराला दिलेला मंजूर भार अपुरा असेल तर चार्जर १६ अँपिअरवर मर्यादित करावा.